सौर पटल आणि इमारतींमधील काच

सौर पटल आणि इमारतींमधील काच म्हणजे सूर्यप्रकाश आत घेणे, अडवणे किंवा त्यातील हवा तेवढाच भाग आत सोडणे या हेतूने घडवलेली सपाट काच होय. सौर पटलात ती सौरघटांचे पुढील आवरण असते; इमारतीत ती तावदान, दर्शनी भिंत किंवा छत या रूपांत येते. दोन्ही ठिकाणची काच मुळात एकाच कुळातली, म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांपासून केलेली आहे. तिच्याकडून अपेक्षित असलेली कामे मात्र बरीचशी परस्परविरुद्ध आहेत.

सूर्यापासून जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. सिलिकॉनचे सौरघट या किरणांपैकी सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतच्या भागापासून वीज निर्माण करू शकतात, त्यामुळे पटलाच्या काचेने तो भाग वाटेत न गिळता आत सोडणे आवश्यक असते. उष्ण प्रदेशातील इमारतीत हाच भाग शिरला तर उजेड तिळमात्र वाढत नाही, खोली तेवढी तापते. पटलासाठी काचेतील लोह शक्य तितके काढून टाकतात. इमारतींसाठी ऊन शोषणारी हिरवी काच करताना ते मुद्दाम अधिक घालतात. या एका उदाहरणावरून दोन्ही उपयोगांतील अंतर लक्षात येते.

घटक आणि निर्मिती

सर्वसाधारण सपाट काचेत सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका, १२ ते १५ टक्के सोडियम ऑक्साइड आणि ८ ते १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते. थोडे मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमही असते. शुद्ध सिलिका वितळण्यास १७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते. सोडा मिसळल्याने ते खाली येते, परंतु नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. ती टिकाऊ करण्याचे काम चुना करतो. भट्टीतील तापमान तरीही १५०० अंशांच्या वर ठेवावे लागते आणि ही भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे, रात्रंदिवस चालू राहते. विझवल्यास आतील काच गोठते आणि भट्टीचे अस्तर तडकण्याचा धोका असतो. काचकारखान्यास मागणीनुसार उत्पादन चटकन कमीजास्त करता येत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

इमारतींची बहुतेक काच आज ‘फ्लोट’ पद्धतीने होते. इंग्लंडमधील सेंट हेलेन्स येथील पिल्किंग्टन ब्रदर्स या कंपनीत ॲलेस्टर पिल्किंग्टन यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. वितळलेली काच द्रवरूप कथिलाच्या तळ्यावर सोडतात. काच कथिलापेक्षा हलकी असल्याने वर तरंगते, स्वतःच्या वजनाने पसरते आणि दोन्ही बाजूंनी आरशासारखी गुळगुळीत होते. कथिल २३२ अंशांनाच वितळत असल्यामुळे काच सुमारे ६०० अंशांपर्यंत निवून घट्ट झाली तरी खालचे कथिल द्रवच राहते, म्हणून काचेचा पट्टा अलगद उचलून पुढे नेता येतो. त्याआधी आरशाच्या दर्जाची सपाट काच मिळवण्यासाठी जाड तक्ते दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करावे लागत.

सिलिकॉन सौर पटलांची बहुतेक काच मात्र वेगळ्या, त्याहून जुन्या पद्धतीने होते. वितळलेली काच दोन रुळांमधून काढतात आणि रुळांवरील नक्षी तिच्यावर उमटते. स्नानगृहाच्या खिडकीला लावतात त्या खडबडीत काचेचीच ही बहीण. पटलात या सूक्ष्म उठावामुळे काचेला खालचा चिकट थर घट्ट धरून ठेवता येतो.

सौर पटलातील काच

नेहमीच्या सिलिकॉन पटलात वरून खाली काच, चिकट प्लास्टिकचा थर (बहुधा ईव्हीए), सौरघट, पुन्हा तसाच थर आणि पाठीमागचा पत्रा अशी रचना असते. सौरघट कागदाइतका पातळ व ठिसूळ असतो. त्याला २५ ते ३० वर्षे ऊन, पाऊस, वारा, गारा आणि समुद्रकाठची खारी हवा यांपासून वाचवण्याची मुख्य जबाबदारी काचेवर असते. अशा पटलाच्या एकूण वजनाचा सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक भाग काचेचाच असतो. काचेची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम असल्याने ३.२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला ८ किलो भरते. घराच्या छतावर वीस चौरस मीटर पटले बसवली, तर त्यात दीड क्विंटलांहून जास्त नुसती काच असते.

साध्या खिडकीच्या काचेच्या कडेकडून पाहिले तर ती हिरवी दिसते. हा रंग लोहाचा आहे. वाळूत लोह जवळजवळ नेहमीच असते आणि साध्या काचेत आयर्न ऑक्साइडचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास राहते. त्यातील फेरस रूपातील लोह १००० ते ११०० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण विशेष शोषते, आणि तेथे सिलिकॉन अद्याप वीज देत असते. त्यामुळे पटलासाठी लोहाचे प्रमाण सुमारे ०.०१ ते ०.०१५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत शंभर-दीडशे भागांवर आणावे लागते. यासाठी मुळात स्वच्छ वाळू निवडावी लागते, ती धुऊन व चुंबकाने लोहकण वेचून घ्यावी लागते, आणि भट्टीपर्यंतच्या प्रवासात यंत्राच्या झिजेतून पुन्हा लोखंड मिसळणार नाही हेही पाहावे लागते. पटलाच्या जाडीच्या साध्या काचेतून सौर ऊर्जेचा सुमारे ८३ ते ८५ टक्के भाग पार जातो. अल्पलोह काचेतून हे प्रमाण ९१ टक्क्यांच्या पुढे जाते.

उरलेला तोटा मुख्यतः परावर्तनाचा असतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे हवेतून काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा ४ टक्के भाग पहिल्याच पृष्ठभागावरून परततो. सुट्या तावदानात मागील पृष्ठभागावरही तेवढाच तोटा होतो. पटलात मात्र काचेमागे हवा नसून जवळजवळ त्याच अपवर्तनांकाचा ईव्हीए थर असतो, म्हणून तेथील परावर्तन नगण्य राहते. वरच्या पृष्ठभागासाठी सच्छिद्र सिलिकेचा एक अतिशय पातळ मुलामा देतात. त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे १२० नॅनोमीटर ठेवली की मुलाम्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी नाहीशा करतात. यामुळे पारगमन आणखी दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. हा आकडा दिसायला किरकोळ आहे. परंतु आत जाणाऱ्या प्रकाशात एक टक्का वाढ झाली की विजेतही जवळपास एक टक्का वाढ होते, आणि शंभर मेगावॉटच्या प्रकल्पात ती एक मेगावॉट ठरते.

पटलाची काच दृढ करण्यासाठी ती ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी जोरदार थंड हवेने झटकन निववतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि पृष्ठभाग कायमच्या दाबाखाली राहतो. काच फुटण्यासाठी आधी हा दाब ओलांडावा लागत असल्याने अशी ‘टफन्ड’ काच साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट असते, आणि फुटलीच तर तिचे धारदार सुरे न होता बोथट खडे होतात. एकदा टफन्ड केलेली काच नंतर कापता किंवा भोके पाडून वापरता येत नाही. मोजमाप आधीच नक्की करावे लागते.

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१२१५ नुसार पटलावर २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून चाचणी घेतात. वाऱ्याच्या व बर्फाच्या भारासाठीही वेगळ्या चाचण्या आहेत. निसर्ग या मापाला बांधलेला नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील एका सौर प्रकल्पात मोठ्या गारांनी सुमारे चार लाख पटलांची हानी केली. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात झालेली दीर्घ गारपीट शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे. शेतपंपांसाठी व गावोगावच्या कृषिवाहिन्यांसाठी सौर पटले वाढत असलेल्या याच प्रदेशात काचेची जाडी हा केवळ कारखानदाराच्या हिशेबाचा विषय राहत नाही.

हा मुद्दा अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण पटले मोठी आणि काच पातळ होत आहे. पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या द्विपृष्ठी पटलांत पाठीमागच्या पत्र्याऐवजी दुसरी काच असते. एकूण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी दोन्ही काचा २ मिलिमीटरच्या घेतात. एवढी पातळ काच झटकन निववली तरी तिच्या पृष्ठभागात आणि गाभ्यात पुरेसा तापमानफरक निर्माण होत नाही, त्यामुळे ती पूर्ण टफन्ड न होता फक्त काही अंशी बळकट होते. दोन काचांच्या पटलात ओलावा शिरत नाही आणि सौरघट दोन काचांच्या मधोमध असल्याने वाकताना त्यांच्यावर ताण कमी येतो, हे लाभ खरे आहेत. परंतु गारांना तोंड देण्याच्या बाबतीत ३.२ मिलिमीटरची पूर्ण टफन्ड काच सरस ठरते. गारपिटीच्या पट्ट्यात पटल निवडताना वॉटच्या आकड्याबरोबर काचेची जाडीही विचारून घेणे शहाणपणाचे असते.

काचेतील सोड्याचाही एक उपद्रव आहे. पटलांच्या लांब माळेत शेकडो व्होल्टचा विद्युतदाब असतो. दमट व उष्ण हवेत त्यामुळे काचेतील सोडियमचे आयन सौरघटाकडे सरकतात आणि घटाची वीज गळू लागते. घटावरील मुलामे, चिकट थराची निवड आणि योग्य भूसंपर्कन यांनी हा दोष टाळता येतो.

पातळ थरांच्या पटलांत काचेचे काम निराळे असते. कॅडमियम टेल्युराइडच्या पटलात सौरघट वेगळा करून काचेखाली चिकटवत नाहीत. विद्युतवाहक पारदर्शक मुलामा दिलेल्या काचेवरच अर्धसंवाहकाचे काही मायक्रोमीटरचे थर चढवतात. येथे काच हीच सौरघटाची पाटी असते.

काचेवरील धूळ हा भारतात रोजचा प्रश्न आहे. राजस्थानात फलोदी जिल्ह्यातील भडला सौर उद्यानासारख्या वाळवंटी ठिकाणी पटले पुसण्यास पाणी आणायचे कोठून, हाच पेच असल्याने कोरड्या ब्रशांची स्वयंचलित यंत्रे वापरात आली. घरगुती पटलांसाठी क्षारयुक्त पाणी टाळावे, कारण ते वाळल्यावर काचेवर पांढरे डाग उरतात व ते सहज निघत नाहीत. तापलेल्या काचेवर भर दुपारी थंड पाणी ओतल्यास ती तडकण्याचा संभव असतो. सकाळची वेळ योग्य. घासणी, राख किंवा भांड्यांची पावडर यांनी परावर्तनरोधक मुलामा खरवडला जातो.

सौर जलतापक आणि सौर कुकर

विजेऐवजी उष्णता हवी असते तेथेही काच लागते, मात्र तिचा दुसरा गुण कामाला येतो. साधी काच सूर्याचे किरण आत सोडते, परंतु तापलेल्या वस्तू जे दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण बाहेर टाकतात त्यांना ती अपारदर्शक असते. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेची झाकणे असलेली उष्ण पेटी बनवून तीत पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापमान मिळवले. आजचा पेटीसारखा सौर कुकर याच पेटीचा वंशज होय. नळ्यांच्या सौर जलतापकात बोरोसिलिकेट काचेच्या एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि त्यांच्यामधील निर्वात पोकळीमुळे उष्णता बाहेर जात नाही.

काचेच्या बंद जागेत उष्णता वाढते ती केवळ किरण अडकल्यामुळे, असे पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा लिहिलेले आढळते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये काचेच्या व सैंधवाच्या झाकणांच्या दोन पेट्या उन्हात ठेवल्या. सैंधव अवरक्त किरणांना पारदर्शक असूनही दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. तापलेली हवा वर निघून जाऊ न देणे, हे काचघराच्या उबेचे मोठे कारण असल्याचे यातून दिसले.

इमारतींतील काच

काच महाग होती तेव्हा लोकांनी उजेडासाठी इतर उपाय शोधले. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या चकत्या लाकडी चौकटीत बसवलेल्या दिसतात. त्यांतून येणारा उजेड मंद व पसरट असतो आणि ऊन डोळ्यांवर येत नाही. कोकणातील कौलारू घरात माजघरावर किंवा स्वयंपाकघरावर एखादे काचेचे कौल बसवण्याची रीत आहे. एका कौलाएवढ्या जागेतून पडणारा उजेड अंधाऱ्या घराला दिवसभर पुरतो आणि घर तापतही नाही. थोडी काच योग्य जागी असली तर काय साधते, याचा हा चांगला दाखला आहे.

यूरोपात परिस्थिती निराळी होती. तेथे थंडी अधिक व सूर्य दुर्मिळ, म्हणून काचेतून येणारे ऊन हवेहवेसे वाटे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेला क्रिस्टल पॅलेस सुमारे तीन लाख तावदानांचा होता. पॅक्स्टन हे मूळचे उद्यानविद्या जाणणारे, आणि वनस्पतींसाठी काचघरे बांधण्याचा अनुभव त्यांनी येथे कामी आणला. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलादी सांगाड्यावर काचेचा पडदा टांगलेल्या उंच इमारती अमेरिकेत रूढ झाल्या. न्यूयॉर्कमधील लीव्हर हाउस (१९५२) ही त्यांतील एक आरंभीची. वातानुकूलन स्वस्त झाल्याने ही घडण पुढे उष्ण प्रदेशांतही आली.

तिचे दोष यूरोपातच आधी उघड झाले होते. पॅरिसमधील ‘सिते द रफ्यूज’ या निवारागृहाची दक्षिणेकडील संपूर्ण भिंत वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिये यांनी उघडता न येणाऱ्या काचेची केली होती. १९३३ च्या अखेरीस ते सुरू झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात आतील लोक उकाड्याने हैराण झाले. नंतर त्या भिंतीवर उघडणाऱ्या खिडक्या आणि ऊन अडवणाऱ्या पट्ट्या आल्या. याच वास्तुविशारदाने अहमदाबाद व चंदीगड येथे बांधताना काच खोल काँक्रीटच्या कोनाड्यांमागे ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

काचेची गुणवत्ता मोजण्यासाठी तीन मापे प्रचलित आहेत. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी किती भाग उष्णतेच्या रूपाने आत येतो ते सौर उष्णताप्राप्ती गुणांक (एसएचजीसी) सांगतो. आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरकामुळे काचेतून किती उष्णता वाहते ते यू-मूल्य सांगते. तिसरे माप दृश्य प्रकाशाच्या पारगमनाचे. ६ मिलिमीटरच्या साध्या काचेचा एसएचजीसी सुमारे ०.८२ आणि यू-मूल्य सुमारे ५.७ असते, दुहेरी काचेचे यू-मूल्य २.८ च्या आसपास येते. काचविक्रीत यू-मूल्याचा उल्लेख अधिक होतो, कारण ही भाषा थंड देशांतून आली आहे. मुंबईसारख्या ठिकाणी पहिला आकडा अधिक निर्णायक ठरतो. पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळी चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडत असेल, तर साध्या काचेतून सुमारे ४९० वॉट आत येतात आणि ०.२५ गुणांकाच्या काचेतून १५० वॉट. आत-बाहेर दहा अंशांचा फरक असताना त्याच साध्या काचेतून केवळ तापमानफरकामुळे येणारी उष्णता ५७ वॉट असते.

ऊन अडवण्याचा जुना मार्ग काच रंगवण्याचा. लोहयुक्त हिरवी, तपकिरी किंवा राखी काच ऊन शोषते खरे, पण स्वतः तापते आणि त्यातील काही उष्णता आत टाकते. आरशासारखी परावर्तक काच ऊन परतवते, मात्र उजेडही परतवते. काळ्या काचेच्या कार्यालयात भर दुपारी पडदे ओढून दिवे लावलेले असतात, हे दृश्य शहरांत नेहमीचे आहे. अशा इमारतीत काच नेमकी कशासाठी लावली, असा प्रश्न पडतो. अधिक चांगला मार्ग ‘लो-ई’ म्हणजे अल्प-उत्सर्जक मुलाम्याचा. निर्वात कक्षात काचेवर चांदीचे दहा-पंधरा नॅनोमीटर जाडीचे एक, दोन किंवा तीन थर देतात. साध्या काचेची उत्सर्जनक्षमता ०.८४ असते, चांदीच्या मुलाम्याने ती ०.०५ च्याही खाली येते. दोन-तीन थरांचा मुलामा दृश्य प्रकाश बऱ्याच अंशी आत सोडून जवळचे अवरक्त किरण परतवतो. चांदी हवेत टिकत नसल्याने हा मुलामा दुहेरी काचेच्या बंद पोकळीत आतील बाजूस ठेवतात.

काचेपेक्षा तिची दिशा आणि तिच्यावरील सावली यांचे महत्त्व कमी नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतात. त्या काळात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या उभ्या काचेवर ऊन जेमतेम पडते. थोड्या रुंदीचा छज्जाही तेथे पुरतो. पूर्वेकडून व पश्चिमेकडून येणारे ऊन तिरपे असते. छज्जा त्याला अडवू शकत नाही, तेथे उभ्या पट्ट्या, जाळी, झडपा किंवा झाड लागते. उत्तरेचा उजेड सर्वांत सौम्य.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली व २०१७ मध्ये ती सुधारली. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी असलेल्या या संहितेतील निर्देशात्मक मार्गाने जायचे असल्यास खिडक्यांचे क्षेत्र भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक असू नये, आणि थंड हवामान वगळता उत्तरेखेरीज इतर दिशांच्या काचेचा एसएचजीसी ०.२७ हून अधिक असू नये, अशी मर्यादा २०१७ च्या आवृत्तीत आहे. उजेड पुरेसा यावा म्हणून दृश्य पारगमनाची किमान मर्यादाही तीत आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली. अशा संहिता राज्यांनी व स्थानिक संस्थांनी आपल्या नियमांत आणल्यावरच प्रत्यक्ष लागू होतात.

दुर्घटना आणि सुरक्षितता

बॉस्टनमधील साठमजली जॉन हॅनकॉक टॉवरची तावदाने १९७३ मध्ये वाऱ्यात निखळून पडू लागली आणि काही काळ त्या इमारतीवर काचेच्या जागी प्लायवूडच दिसत होते. दुहेरी काचेतील जोड फार ताठर असल्याने काचेला सूक्ष्म तडे जात होते. शेवटी दहा हजारांहून अधिक तावदाने बदलावी लागली. लंडनमधील २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीची अंतर्वक्र काचेची भिंत २०१३ मध्ये अंतर्गोल आरशासारखी वागली आणि खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी तिच्यावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या गेल्या.

टफन्ड काच क्वचित कोणतेही निमित्त नसताना फुटते. काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण हळूहळू प्रसरण पावतो, हे त्याचे कारण. म्हणून उंचावरील काच आधी भट्टीत सुमारे २९० अंशांवर काही तास ठेवतात. सदोष काच तेथेच फुटते. डोक्यावरील काच नेहमी दोन काचांमध्ये पीव्हीबीचा थर असलेली असावी, म्हणजे फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात.

उघडता न येणाऱ्या काचेमागे आग लागली की धूर कोंडतो. बंगळूरमधील एका बहुमजली व्यापारी इमारतीत फेब्रुवारी २०१० मध्ये लागलेल्या आगीत नऊ जण दगावले. जुलै २०१४ मध्ये मुंबईत अंधेरी येथील काचबंद इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला, आणि काचेच्या आच्छादनाने बचावकार्य अवघड होते याची चर्चा त्यानंतर झाली. काही ठरावीक तावदाने उघडणारी ठेवणे व अग्निशमन दलाला ती बाहेरून ओळखता येणे हा यावरील साधा उपाय आहे.

वीज देणारी इमारत

सौरघट बसवलेली काचच भिंत, छत किंवा सज्जाचा कठडा म्हणून वापरली तर वरील दोन्ही कामे एकत्र येतात. सिलिकॉनचे घट अंतर ठेवून बसवले की मधल्या फटींतून उजेड येतो व घटांची सावली पडते. उभ्या भिंतीवर मिळणारी वीज योग्य कलाच्या छतावरील पटलापेक्षा बरीच कमी असते, आणि भारतीय अक्षांशांवर सूर्य उंच असल्याने हा तोटा यूरोपातल्यापेक्षा जास्त जाणवतो. शिवाय काचेतून आरपार पाहायचे असेल तर तितका प्रकाश विजेसाठी उरत नाही. त्यामुळे पारदर्शक वीजनिर्मितीच्या जाहिराती सावधपणे वाचाव्या लागतात. सावली देणारे छत, वाहनतळाचे आच्छादन किंवा उन्हाच्या पट्ट्या येथे ही कल्पना अधिक शोभते.

भारतातील उत्पादन

महाराष्ट्रात आधुनिक काचधंद्याचा आरंभ स्वदेशी चळवळीशी जोडलेला आहे. पैसा फंडाच्या लोकवर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचकारखाना निघाला, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेल्या ओगले ग्लास वर्क्सचा कऱ्हाडजवळील ओगलेवाडीतला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. सपाट फ्लोट काचेचे कारखाने पुढे रायगड जिल्ह्यातील तळोजा, गुजरातमधील अंकलेश्वर, तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर इत्यादी ठिकाणी उभे राहिले. काचेस योग्य सिलिका वाळू सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात आणि उत्तर प्रदेशात शंकरगड भागात मिळते.

सौर काचेचे देशातील पहिले उत्पादन भरूच येथे आजच्या बोरोसिल रिन्यूएबल्स या कंपनीने २०१० मध्ये सुरू केले आणि बरीच वर्षे ती एकटीच होती. जगातील बहुतांश सौर काच चीनमध्ये तयार होते. पटले भारतात जुळवली तरी त्यांची काच आयात होत असल्याने स्वस्त आयातीवर शुल्क लावावे की नाही, हा वाद वारंवार उठतो. शुल्क लावले तर काचकारखान्याला आधार मिळतो आणि पटल महागते. न लावल्यास याच्या उलट होते.

आयुष्य संपल्यावर

तत्त्वतः काच पुनःपुन्हा वितळवता येते. तुटकी काच कच्च्या मालात मिसळली तर भट्टीचे इंधनही वाचते. पटलाच्या काचेबाबत मात्र दोन अडचणी आहेत. पहिली, पंचवीस वर्षे टिकावा म्हणून वापरलेला चिकट थर सुटा करणे जड जाते. बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची चौकट व तारा काढून उरलेले पटल भरडतात, आणि सिलिकॉन व प्लास्टिकचे कण मिसळलेला काचचुरा उष्णतारोधक लोकर किंवा भराव यांसारख्या कमी मोलाच्या कामी जातो. दुसरी अडचण अँटिमनीची. रुळांच्या पद्धतीने केलेल्या सौर काचेत बुडबुडे घालवण्यासाठी आणि लोह कमी शोषक रूपात ठेवण्यासाठी अँटिमनी घालतात. अशी काच फ्लोट कारखान्यात चालत नाही, कारण कथिलाच्या तळ्यावर तिचा पृष्ठभाग बिघडतो. म्हणजे पटलासाठी एवढ्या कष्टाने लोह काढून शुद्ध केलेली काच खिडकीच्या काचेतही परत जाऊ शकत नाही. अँटिमनीविरहित सौर काच बनवता येते आणि काही उत्पादक ती बनवतात.

यूरोपीय संघाने २०१२ मध्ये सौर पटले विद्युत-कचऱ्याच्या नियमांखाली आणली. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले व त्यांत सौर पटलांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांनुसार उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंत निर्माण होणारा पटलांचा कचरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साठवून ठेवावयाचा आहे. या साठ्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा काचेचा असेल.